परीक्षेच्या दिवसांत साधेच विणावे

“परीक्षा तोंडावर आली आणि ही सुया घेऊन बसली आहे” हे वाक्य विणकामाची आवड असलेल्या बहुतेक विद्यार्थिनींनी, आणि अलीकडे काही विद्यार्थ्यांनीही, घरात ऐकलेले असते. आपल्याकडे पहिल्या सत्राच्या विद्यापीठीय परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, थंडीही तेव्हाच पडू लागते आणि कपाटातला लोकरीचा गुंडा नेमका त्याच आठवड्यात हाताशी येतो. घरच्यांच्या मते हा निव्वळ वेळेचा अपव्यय असतो. समाजमाध्यमांवर मात्र विणकामाने ताण नाहीसा होतो आणि स्मरणशक्ती वाढते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. दोन्हीकडे विणकाम ही एकच गोष्ट मानली जाते. प्रत्यक्षात सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट या साध्या टाक्याने विणत नेलेला मफलर आणि जाळीच्या विणीची शाल ही मेंदूच्या दृष्टीने अगदी वेगळी कामे आहेत आणि परीक्षेच्या दिवसांत हा फरक निर्णायक ठरतो.

हा फरक मी घरातच पाहिला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी माझी भाची परीक्षेच्या दहा दिवस आधी आमच्याकडे राहायला आली होती. सोबत तिने अर्धवट विणलेली शाल आणली होती. दोन टाके एकत्र, लोकर पुढे, तीन सुलट, पुन्हा लोकर पुढे, अशी सोळा सुयांनी पुन्हा सुरू होणारी ती वीण होती. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिने एकच सुई तीनदा उसवली आणि शेवटी म्हणाली, “मावशी, मोजता मोजता चौथ्या टाक्याला मी पुन्हा एकवर येते गं.” मी तिच्या हातात माझा तीस टाक्यांचा साधा मफलर दिला. त्याच संध्याकाळी, त्याच हातांनी, ती बोलता बोलता आठ सुया विणून गेली आणि एकही टाका सुटला नाही. मोजणे तिला जमत नव्हते, विणणे मात्र जमत होते. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी स्मृती मुळात किती प्रकारची असते ते पाहावे लागते.

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलायसन या तरुणाच्या तीव्र अपस्माराला (फिट्सच्या आजाराला) आळा घालण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतचा काही भाग काढून टाकण्यात आला. त्यानंतर त्याला नवे प्रसंग, नवी माणसे, नवी माहिती काहीच लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याच्या चुका सतत कमी होत गेल्या, मात्र दर दिवशी हे काम आपण आयुष्यात प्रथमच करत आहोत अशी त्याची खात्री असे. हाताचे कौशल्य मेंदू दुसरीकडे साठवतो, हे यातून लख्ख दिसले. या साठवणीत मेंदूच्या खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाचा, विशेषतः त्यातील स्ट्रायटम या भागाचा, मोठा वाटा असतो. सुलट टाका घालणे ही अशीच हाताची आठवण आहे. अभिक्रियेचे टप्पे, व्याख्या आणि सनावळ्या यांची मदार मात्र मुख्यतः हिप्पोकॅम्पसवर असते.

परीक्षेचा ताण या दोन साठवणींना सारखा त्रास देत नाही. तसे का, हा या विषयातील मला सर्वाधिक आवडणारा भाग आहे. तो थोडा तपशिलाने सांगते.

धोका जाणवला की काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन रक्तात येते, छाती धडधडते, तळहात ओले होतात. त्याच वेळी दुसरी, संथ साखळी सुरू होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस एक संप्रेरक (हार्मोन) सोडतो, त्याने पिट्यूटरी ग्रंथी दुसरे संप्रेरक सोडते आणि ते रक्तावाटे मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचले की त्या कॉर्टिसॉल तयार करतात. या तीन मुक्कामांच्या प्रवासामुळे कॉर्टिसॉलची पातळी शिखरावर पोहोचायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. रक्तातून हे संप्रेरक मेंदूत सहज शिरते. तेथे ते कुठे जाऊन बसते, याचा पहिला धागा १९६८ मध्ये मेंदूसंशोधक ब्रूस मॅकएवन यांना सापडला. उंदरांमध्ये कॉर्टिसॉलच्या जागी असलेले कॉर्टिकोस्टेरॉन हिप्पोकॅम्पसमध्ये मोठ्या प्रमाणावर धरून ठेवले जाते, असे त्यांना आढळले. पुढे १९८५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले की त्याला धरून ठेवणारे पेशींतील ग्राही (रिसेप्टर) एक नसून दोन प्रकारचे आहेत.

ही व्यवस्था पंगतीसारखी आहे. पहिल्या प्रकारचे ग्राही कॉर्टिसॉलला दुसऱ्या प्रकारापेक्षा सुमारे दहापट घट्ट धरतात. त्यामुळे एरवीच्या शांत दिवसातही, रक्तात कॉर्टिसॉल थोडेच असताना, पहिल्या पंगतीचे पाट जवळजवळ भरलेले असतात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये हे पाट विपुल आहेत. दुसऱ्या प्रकारचे ग्राही कॉर्टिसॉलला सैल धरतात, म्हणून ते एरवी बरेचसे रिकामे राहतात आणि ताण वाढून पातळी चढली की मगच भरू लागतात. पहिली पंगत भरलेली आणि दुसरीतले काही पाट भरलेले, अशा मधल्या अवस्थेत हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या जोडण्या बळकट होण्याची क्रिया सर्वांत चांगली चालते. दुसरी पंगतही गच्च भरली की तीच क्रिया मंदावते. थोडी धाकधूक असताना अभ्यास चांगला होतो आणि ती फार वाढली की डोके बंद पडते, या सगळ्यांच्या अनुभवामागे असलेल्या कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण आहे. बारीक गोष्ट अशी की दुसऱ्या प्रकारचे ग्राही दोन गतींनी काम करतात: काही परिणाम मिनिटांत दिसतात, तर पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांच्या अभिव्यक्तीत बदल घडवणारे परिणाम तासाभराने उमटतात आणि बराच काळ टिकतात. ज्यांना हा परिच्छेद जड वाटला असेल त्यांनी एवढेच लक्षात ठेवले तरी चालेल की ताणाचा फटका हिप्पोकॅम्पसला बसतो आणि तो उशिरा बसतो.

या उशिराचा पुरावा फार सुंदर आहे. १९९८ मध्ये डॉमिनिक द केर्व्हाँ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना गढूळ पाण्यातील दडलेला चौथरा शोधायला शिकवले. चाचणीच्या दोन मिनिटे किंवा चार तास आधी दिलेल्या ताणाने त्यांचे काही बिघडले नाही. तीस मिनिटे आधी ताण दिलेले उंदीर मात्र शिकलेली जागा विसरल्यासारखे पोहत राहिले. दोन वर्षांनी हाच गट माणसांकडे वळला. शब्दांची यादी पाठ केलेल्यांना आठवण्याच्या चाचणीपूर्वी एक तास कॉर्टिसोनची (शरीरात त्याचेच कॉर्टिसॉल होते) २५ मिलिग्रॅमची गोळी दिली, तेव्हा त्यांना कमी शब्द आठवले. पाठ करण्याच्या वेळी गोळी घेतलेल्यांवर असा परिणाम झाला नाही. म्हणजे पाठ केलेले पुसले जात नाही, ते वर काढण्याची वाट अडते. परीक्षेच्या दालनाबाहेर, पेपरच्या अर्धा तास आधी, “तुझे हे प्रकरण झाले का?” असे एकमेकांना विचारून घाबरवण्याची जी रीत आहे, ती अगदी चुकीच्या वेळी पाळली जाते.

स्ट्रायटमवर आधारलेल्या सवयी अशा वेळी टिकून राहतात. किंबहुना ताणाखाली माणूस विचारपूर्वक वागण्याऐवजी सवयीकडे झुकतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. भाचीचे हात म्हणूनच चालत राहिले. तिचे मोजणे का बिघडले याचे कारण मात्र निराळे आहे. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी कल्पना मांडली, तिच्यात मनातल्या मनात शब्द घोळवत ठेवणारा एक भाग आहे. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण जो पुटपुटत राहतो, तोच हा भाग. त्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. “दोन एकत्र, लोकर पुढे, तीन सुलट” हे त्यातच घोळते आणि “हे आले तर, ते आले तर” ही चिंताही मुख्यतः शब्दांचीच असल्याने त्याच जागेवर हक्क सांगते. नक्षीची वीण विणताना परीक्षेचे विचार आले की टाके चुकतात आणि टाके चुकले की चिडचिड होऊन ताण आणखी वाढतो. साध्या विणीला मोजावे लागत नाही, त्यामुळे ती ही जागा मोकळी ठेवते.

विणकामाविषयी जे भडक दावे पसरले आहेत, त्यांचा येथे समाचार घेणे आवश्यक वाटते. दोन्ही हात चालल्याने मेंदूचे दोन्ही अर्धे “जागे” होतात आणि बुद्धी वाढते, असे सांगतात. पण मेंदूचे दोन्ही अर्धे कायमच जागे असतात आणि दोन्ही हात तर आपण धुणे पिळतानाही वापरतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जगभरातील ३,५४५ विणकर्त्यांपैकी जे वारंवार विणतात त्यांनी अधिक शांत वाटते असे नोंदवले, हे खरे आहे. पण ती मुळात विणकाम आवडणाऱ्यांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरे होती. त्यातून मनाच्या शांततेविषयी काही अंदाज बांधता येतो, गुणवाढीविषयी काहीच सिद्ध होत नाही. परीक्षेच्या हंगामात मंतरलेली पेने आणि स्मरणशक्तीची चूर्णे विकणाऱ्यांच्या रांगेत विणकामाला नेऊन बसवणे मला मनापासून खटकते, कारण त्याचा खरा उपयोग त्यामुळे झाकला जातो.

तो उपयोग अभ्यासाच्या टप्प्यावर अवलंबून आहे. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक आणि सहकाऱ्यांनी लक्ष विभागले तर स्मृतीचे काय होते ते तपासले. नवी माहिती शिकताना दुसरे काम दिले की नंतरची आठवण बरीच घसरली. शिकलेले आठवताना दुसरे काम दिले तर आठवणीचे फारसे नुकसान झाले नाही, उलट त्या दुसऱ्या कामाचा वेग मंदावला. यावरून काढता येणारा मार्ग असा की नवे प्रकरण पहिल्यांदा वाचताना सुया दूर ठेवाव्यात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, साधे विणकाम हाती घ्यावे आणि नुकतेच वाचलेले मोठ्याने सांगत जावे. न पाहता आठवून सांगणे हा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा दीर्घकाळ टिकणारा अभ्यास आहे, हे तर अनेक प्रयोगांनी दाखवलेले आहे.

वेळेचे गणितही विणीतच सापडते. बेताचा सराव असलेल्या हाताला तीस टाक्यांची एक सुई विणायला दीड मिनिट लागते असे धरले, तर दहा सुया म्हणजे पाव तास. अकरावी सुई सुरू करायची नाही, एवढा नियम पुरतो. मात्र तो कसोशीने पाळावा लागतो, कारण “एवढी एकच सुई” असे म्हणत रात्रीचा एक वाजतो आणि झोप गेली की दिवसभराचे वाचन मेंदूत पक्के होण्याची वेळच निघून जाते. दहा सुयांनी रक्तातले कॉर्टिसॉल उतरेल अशी अपेक्षा धरू नये. ते निम्मे व्हायलाच एक ते दीड तास लागतो. तेवढ्या वेळात घाबरवणारे नवे विचार आले नाहीत, तर नवा हप्ता सुटत नाही आणि साखळी आपोआप निवते. परीक्षेचा ताण वरवरचा नसतो. १९९८ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूवर ३.५ मिलिमीटरची छोटी जखम करून पाहिले असता, सुटीतल्यापेक्षा परीक्षेच्या दिवसांत ती भरायला सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला होता.

भाचीने शाल कागदात गुंडाळून ठेवली आणि उरलेले पेपर संपेपर्यंत मफलरच विणला. रोज संध्याकाळी ती खिडकीपाशी बसून अभिक्रियांचे टप्पे मला सांगत असे, आणि अडखळली की तिचे हात थांबत. तिसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी एका अभिक्रियेच्या किचकट टप्प्यांपाशी ती बराच वेळ थांबली, मग पूर्ण उत्तर सांगून झाल्यावर तिने खाली पाहिले तर तीन सुयांखाली एक टाका सुटलेला होता. तिने क्रोशाची सुई मागून घेतली आणि तो एकेक ओळ वर चढवत पुन्हा सुईवर आणला.