औषधाला दाद न देणारे जंतू आणि त्यांची पाण्याची वाट

सांगली आणि मिरजेच्या मध्ये असलेल्या वानलेसवाडीत एकेकाळी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. मोकळी हवा, सकस जेवण आणि विश्रांती, एवढाच तेव्हा या रोगावर इलाज. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. पुढे काही दशकांनी तेच औषध टेट्रासायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाबरोबर (जंतू मारणाऱ्या औषधाबरोबर) पुडीत बांधून आपल्याच जिल्ह्यात, आटपाडीच्या डाळिंबबागांत, फवारणीच्या पंपात आले. तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग पडला की कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त औषध आणि ही पुडी, हे मिश्रण बागायतदारांना तोंडपाठ झाले. बाग वाचवायची धडपड खरी होती, त्यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण फवारलेले औषध पानावरून मातीत जाते आणि मातीतून पाण्यात.

पाण्यात ते फार थोडे उरते, मग बिघडले कुठे? याचे उत्तर बरेच जुने आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल भाषणातच सांगितले होते, की जंतूंना मारायला अपुरी पडेल एवढ्या मात्रेत पेनिसिलिन दिले, तर ते त्याला दाद देईनासे होतात. ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच रुग्णांच्या बाबतीत दिसले. आधी झपाट्याने सुधारणा झाली, पण काही महिन्यांत अनेकांच्या थुंकीतले जंतू औषधाला जुमानेनासे झाले. फ्लेमिंग यांच्या डोळ्यांसमोर अर्धवट गोळ्या घेणारा माणूस होता. सांडपाण्याचा नाला तर हाच अपुरा डोस रात्रंदिवस पाजत असतो.

दुसरा धक्का जपानमधून आला. 1950 च्या दशकात तिथे आमांशाचे जंतू एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देईनात. 1959 मध्ये उलगडा झाला, की ही ताकद एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही, जाऊ शकते. तिचे जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असते आणि जंतू या कड्या एकमेकांना देतात. म्हणजे पोटातला निरुपद्रवी जंतू नाल्यात उतरतो आणि आपली शिदोरी रोगजंतूच्या हवाली करतो. याच कड्यांवर कधी तांब्याला तोंड देणारी जनुकेही असतात. त्यामुळे नुसत्या तांब्याच्या संपर्कातही औषधाला न जुमानणारे जंतू टिकून राहू शकतात. आटपाडीच्या डाळिंबबागा असोत की तासगावच्या द्राक्षबागा, तांबेयुक्त फवारण्या दोन्हीकडे नेहमीच्या, म्हणून हा मुद्दा मला इथे जास्त महत्त्वाचा वाटतो.

पाण्याकडे जगाचे लक्ष खऱ्या अर्थाने वळले ते 2007 मध्ये. हैदराबादजवळच्या पटनचेरूत सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी एका प्रक्रिया केंद्रात येत होते. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळले. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते. 2011 मध्ये दिल्लीत नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये आणि साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत एनडीएम-1 हे जनुक सापडले. अगदी वरच्या दर्जाची औषधे ज्यामुळे निकामी होतात, ते हे जनुक. जंतूंची वाढ रोखायला लागते त्याच्या शेकडो पट कमी मात्रेतही दाद न देणारे जंतू वरचढ ठरतात, हेही त्याच वर्षी प्रयोगाने दाखवले गेले. 'थोडेसेच तर आहे' ही समजूत तिथे संपली.

सरकारी पातळीवर जानेवारी 2020 मध्ये केंद्राने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी 121 प्रतिजैविकांच्या मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट 2021 च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा गळाल्या. हे मला फार खटकते. मात्र पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर 2019 मध्ये बंदी आली आणि डाळिंबावरच्या त्या पुडीवर बंदी घालण्याचा मसुदा डिसेंबर 2021 मध्ये निघाला.

आपल्याकडे औषध कारखान्यांची पटनचेरूसारखी गर्दी नाही, तरी वाटा आहेतच. घेतलेल्या अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा निम्म्याहून अधिक भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. मिरज हे दवाखान्यांचे गाव आणि सांगलीचा शेरीनाला कृष्णेत मैलापाणी सोडतो म्हणून कित्येक वर्षे ओळखला जातो. पावसाळ्यात नदी दुथडी वाहते तेव्हा सगळे पातळ होते. एप्रिल-मेमध्ये हरिपूरच्या संगमापाशी पात्र आटलेले असताना तेच मैलापाणी थोड्या पाण्यात येऊन पडते. नदीचे पाणी तपासताना बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) मोजतात, कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) मोजतात. त्या कोलिफॉर्मपैकी किती जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हा रकाना या नेहमीच्या तपासणीत नसतो.