आरिझमेंदी, बेबी

आरिझमेंदी, बेबी : (१७ मार्च १९१४ – ३१ डिसेंबर १९६२). मेक्सिकोच्या पहिल्या पिढीतील गाजलेला मुष्टियोद्धा. मूळ नाव आल्बेर्तो आरिझमेंदी. जन्म कोआविला राज्यातील तोर्रेओन येथे. लहानपणी त्याला पोलिओ झाला होता, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. मिसरूड फुटण्याआधीच तो पैशांसाठी रिंगमध्ये उतरला. त्या कोवळ्या वयामुळे चिकटलेले ‘बेबी’ हे नाव पुढे कधी सुटले नाही.

१९३०च्या दशकात मेक्सिकन मुष्टियोद्ध्याला नाव काढायचे तर सीमा ओलांडून लॉस एंजेलिसला जावे लागे. तिथे मेक्सिकन वस्ती मोठी होती आणि १९२५ साली उघडलेले ऑलिंपिक ऑडिटोरियम हा तिचा हक्काचा अड्डा होता. याच शहरात फेब्रुवारी १९३३मध्ये फेदरवेट (१२६ पौंडांपर्यंतचा वजनगट) जगज्जेतेपदासाठी आरिझमेंदी त्या गटाचा जगज्जेता फ्रेडी मिलर याच्याशी लढला आणि गुणांवर, म्हणजे पंचांनी दिलेल्या गुणांनुसार, हरला. पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९३४ रोजी, न्यूयॉर्कमध्ये त्याने माइक बेलोईजला १५ फेऱ्यांत हरवले. न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याला जगज्जेता मानले. पण मिलरचा किताब देणारी अमेरिकेची राष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटना वेगळी होती, त्यामुळे एकाच वजनगटात दोन जगज्जेते झाले. मेक्सिकोचा पहिला जगज्जेता म्हणून मान जातो तो नुएवो लारेदोच्या बॅटलिंग शॉ याला. त्याने १९३३ साली ज्युनियर वेल्टरवेट किताब जेमतेम तीन महिने राखला होता.

मात्र नुसते किताब मोजले तर आरिझमेंदीची खरी थोरवी हाती लागत नाही. ती दिसते अमेरिकन मुष्टियोद्धा हेन्री आर्मस्ट्राँग याच्याशी झालेल्या पाच लढतींत. पहिल्या दोन मेक्सिको सिटीत झाल्या : ४ नोव्हेंबर १९३४ आणि १ जानेवारी १९३५. दोन्ही आरिझमेंदीने गुणांवर जिंकल्या. आर्मस्ट्राँग तेव्हा नाव कमावण्यासाठी धडपडणारा तरुण होता. १९३६मध्ये लॉस एंजेलिसला त्याने परतफेड केली आणि मग तो थांबेचना. डोके खाली घालून प्रतिस्पर्ध्याच्या छातीला भिडायचे, त्याला दोरांकडे रेटत न्यायचे आणि ठोशांचा मारा क्षणभरही थांबू द्यायचा नाही, ही त्याची रीत. ओळीने २७ जण त्याने नॉकआउट केले.

अठ्ठाविसावा आरिझमेंदी होता. १५ मार्च १९३८ रोजी हा बुटका, भरदार बांध्याचा गडी दहाही फेऱ्या त्याच्यासमोर उभा राहिला. निकाल गुणांवर विरुद्ध गेला, पण नॉकआउटची मालिका तुटली. त्याच वर्षी आर्मस्ट्राँगने फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट हे तिन्ही किताब एकाच वेळी धारण केले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दहा फेऱ्यांचे मोल कळते. १० जानेवारी १९३९ला वेल्टरवेट जगज्जेतेपदासाठी दोघे शेवटचे भिडले. या गटाची मर्यादा १४७ पौंड, आरिझमेंदी मुळात १२६ पौंडांच्या गटातला. इथेही तो हरला तो गुणांवरच. पाचही लढतींत आर्मस्ट्राँगला त्याला नॉकआउट करता आले नाही.

१९४२च्या सुमारास त्याने रिंग सोडली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात सेवा केली. २००४ साली आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध हॉल ऑफ फेममध्ये त्याचा मरणोत्तर समावेश झाला. आर्मस्ट्राँग तिथे आधीपासूनच होता.