कॅलिप्सो: एका हंगामापुरती रचलेली गाणी

कॅलिप्सो हे कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरचं गाणं. ते टिकावं म्हणून कुणी रचत नसे. कार्निव्हल या वार्षिक उत्सवाच्या आधीचे काही आठवडे राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या तंबूंत ते गायचं, शहरातली लफडी, महागाई, सरकारी हुकूम यांचा समाचार घ्यायचा आणि पुढच्या वर्षी नवं रचायचं, असा रिवाज होता. तरीही तेव्हाची गाणी आज आवडीने ऐकली जातात, ती चालीइतकीच शब्दांसाठी.

त्याची मुळं आफ्रिकी वंशाच्या मुक्त गुलामांच्या फ्रेंच क्रिओल (फ्रेंचमिश्रित बोलीतल्या) गाण्यांत आहेत. १८८१ ची कॅनबुले दंगल (कार्निव्हलच्या मशाल मिरवणुकीवरून पोलिसांशी झालेली चकमक), त्यानंतरची ढोलबंदी, मग इंग्रजीचा शिरकाव असा तो प्रवास. १९३० च्या दशकात ‘लॉर्ड’, ‘अटिला’ अशी भारदस्त नावं घेतलेल्या गायकांच्या तबकड्या न्यूयॉर्कमध्ये निघू लागल्या. वसाहतीच्या सरकारने त्यांतल्या काही त्रिनिदादमध्ये येऊच दिल्या नाहीत.

खरा तंटा झाला तो ‘रम अँड कोका-कोला’ या गाण्यावरून. युद्धकाळात बेटावर अमेरिकी तळ आले, डॉलर आले. १९४३ च्या हंगामात एका गायकाने त्यावर गाणं केलं: आई आणि मुलगी दोघीही डॉलरसाठी राबताहेत, लग्न झालं त्याच दिवशी नवरी सैनिकाबरोबर पळाली. बोल त्याच वर्षी एका पुस्तिकेत छापून आले. सैनिकांच्या करमणुकीसाठी आलेल्या अमेरिकी विनोदवीराने ते उचललं आणि आपल्या नावावर नोंदवलं. १९४५ मध्ये तीन बहिणींच्या आवाजातली तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन दावे लागले, एक बोलांचा, दुसरा चालीचा. चाल परंपरागत आहे, सबब ती कुणाचीच नाही, असा बचाव होता. लोकसंगीत म्हटलं की मालक नसतोच, हे गृहीत इथे किती सोयीचं होतं! दोन्ही निकाल फिर्यादींच्या बाजूने लागले. बोलांच्या दाव्यात ती छापील पुस्तिकाच कामी आली. तरी जगाच्या कानात बसली ती बहिणींचीच तबकडी. मूळ गाण्यातली चीड तिच्यात पार निवळली आहे. दोन्ही एकामागून एक ऐकली की फरक लगेच कळतो.

मोबदल्याचा प्रश्न मायदेशीही होताच. कार्निव्हलमधल्या कॅलिप्सो स्पर्धेच्या १९५६ च्या विजेत्या तरुण गायकाला बक्षीस मिळालं ४० डॉलर, तर कार्निव्हलच्या सौंदर्यराणीला त्याच्या कितीतरी पट. त्याने पुढची तीन वर्षं स्पर्धेवर बहिष्कार घातला, आणि बक्षिसावर कॅलिप्सोही रचलं.

आपल्याकडे कॅलिप्सो पोचलं क्रिकेटमुळे. १९७१ च्या दौऱ्यात मुंबईच्या नवख्या सलामीवीराने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. भारताने वेस्ट इंडिजला प्रथमच हरवलं, तेही पोर्ट ऑफ स्पेनलाच. हरलेल्यांच्याच गायकाने या सलामीवीराला ‘भिंत’ म्हणत त्याचं कौतुक गायलं. प्रतिस्पर्ध्याला अशी मोकळी दाद फार थोड्या ठिकाणी मिळते.

त्याच दशकात ढोलक आणि धांताल (तिथल्या भारतीयांचं लोखंडी दांड्याचं तालवाद्य) घेऊन सोका हा कॅलिप्सोतूनच निघालेला नाचाचा प्रकार आला, नाचायचा ताल तिकडे गेला. ऐकायचं कॅलिप्सो मात्र मागे पडलं नाही. १९७८ मध्ये एका स्त्रीने कॅलिप्सो स्पर्धेचा मुकुट जिंकला आणि ‘किंग’ हा किताब बदलून ‘मोनार्क’ करावा लागला. हीच गायिका २०१९ मध्ये, ७८ व्या वर्षी, कॅलिफोर्नियाच्या कोचेला महोत्सवात गायली.