बिहोन उकळायचं नसतं! घरी पान्सित करणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी

नमस्कार मंडळी,

फिलिपिन्समध्ये दावाओत मेडिकलला आलेली आपली मुलंमुली, इथे नोकरीनिमित्त राहणारी कुटुंबं आणि सुट्टीत गावी जाताना दोन-चार पाकिटं बॅगेत टाकून नेणारे, तुम्हा सगळ्यांसाठी हे पत्रक. पान्सित म्हणजे इथला नूडल्सचा पदार्थ, आणि बिहोन म्हणजे त्यासाठीच्या बारीक, वाळलेल्या नूडल्स. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा एकच फोटो येतो, कढईत पांढरा गोळा, त्यात अडकलेली गाजरं, आणि खाली मेसेज की "तुमचं बिहोन खराब निघालं". बिहोन खराब नसतं हो, ते उकळलेलं असतं. काउंटरवर प्रत्येकाला उभ्याउभ्या समजावण्यात आमचा वेळ जातो आणि मागची लाईन खोळंबते, म्हणून एकदाच नीट लिहून देतोय, पाकिटाबरोबर घरी न्या आणि गॅस लावायच्या आधी वाचा.

चूक का होते ते आम्हाला कळतं. आपल्याला नूडल्स म्हटलं की एकच पद्धत माहीत, मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, नूडल्स टाकायच्या, चाळणीत निथळायच्या, वरून गार पाणी आणि तेलाचा हात. हक्का नूडल्स अशाच होतात. त्यात इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळ्यांची ओळख होते ती 'लकी मी' ब्रँडच्या पान्सित कँटनशी, आणि त्या पाकिटावर पण उकळा, पाणी काढून टाका, मसाला कालवा असंच असतं. ते इन्स्टंट आहे, त्याचं ठीक आहे. पण घरचं पान्सित तसं होत नाही.

बिहोन तांदळाचं नाहीतर मक्याच्या स्टार्चचं असतं, आणि कारखान्यात ते एकदा शिजवून मगच वाळवलेलं असतं. म्हणजे तुमच्या हातात येतं तेव्हा शिजवायचं काम फारसं उरलेलंच नसतं, त्यातून गेलेलं पाणी फक्त परत द्यायचं असतं. आता ते नळाचं पाणी द्यायचं की चिकनचा नाहीतर कोळंबीच्या सालांचा स्टॉक (ते उकळून गाळलेलं पाणी) द्यायचा, सगळा प्रश्न तिथे आहे. उकळून घेतलं की ते पोटभर साधं पाणी पिऊन बसतं, मग वरून कितीही टोयो (सोया सॉस) ओता, रंग येतो पण चव आत जात नाही, आणि दोनदा ढवळलं की तुटून लगदा. आई मोजून पाणी घालून आटवते तो शेवयांचा उपमा आठवा, पाणी फेकून द्यायचं नसतं, सगळं आत जिरवायचं असतं. पान्सितचं तंत्र तेच आहे.

आता करायचं कसं

२५० ग्रॅम बिहोन (आमचं छोटं पाकीट) साध्या पाण्यात बुडवून ठेवा. कोमट नाही, गरम तर अजिबात नाही, नळाचं पाणी. १० मिनिटांनी एक तार काढून बोटाभोवती गुंडाळून बघा. न तुटता वळली पण दाताखाली मधे अजून कच्ची कडक लागली, की लगेच पाण्याबाहेर काढून निथळत ठेवा. बारीक तांदळाचं बिहोन याच्याही आधी होतं, त्यामुळे घड्याळापेक्षा तारेवर विश्वास ठेवा. भिजत घालून मोबाईल घेऊन बसू नका, अर्धा तास पाण्यात राहिलं तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

तोवर भाज्या. गाजर, कोबी, फरसबी (इथे बाजारात बागियो बीन्स म्हणा), सितसारो (चपट्या कोवळ्या मटाराच्या शेंगा) मिळाला तर उत्तमच. मोठ्या आचेवर थोड्या तेलात भाज्या जेमतेम परतून ताटात काढून ठेवा, कढईत ठेवू नका. ही पायरी बरेच जण आळसाने गाळतात आणि मग कोबीला सुटलेल्या पाण्याने बिहोन गिळगिळीत होतं, वर कोबीही मेलेला.

त्याच कढईत तेल, भरपूर लसूण, कांदा, मग चिकन किंवा कोळंबी. कोळंबी रंग बदलली की ती पण बाहेर काढा नाहीतर शेवटपर्यंत रबर होते. चिकन राहू दे. आता साधारण अर्धा लिटर स्टॉक, ३ टेबलस्पून टोयो, एक चमचा ऑयस्टर सॉस, काळी मिरी, आणि आवडत असेल तर थोडं पातिस (फिश सॉस). पातिस खारट असतं आणि टोयोही खारट, म्हणून वेगळं मीठ घालायच्या आधी चाखा. हे सगळं उकळलं की आच मध्यम करा, स्टॉकची चव या वेळी जेवणापेक्षा थोडी जास्त खारट लागली पाहिजे कारण ती सगळी बिहोनमध्ये वाटली जाणार आहे.

मग निथळलेलं बिहोन घाला. आणि इथे दुसरी गडबड होते, लोक झाऱ्याने ढवळत सुटतात. ढवळायचं नाही. दोन उलथनी नाहीतर दोन काटे घ्या, दोन्ही बाजूंनी खाली घालून वर उचला, सोडा, परत उचला. सुरुवातीला खालून बुडबुड आवाज येत असतो, स्टॉक संपत आला की तो आवाज बदलून चर्रर्र होतो, तीच वेळ. एक तार खाऊन बघा. कच्ची असेल तर अर्धी वाटी गरम स्टॉक आणखी, झाली असेल तर भाज्या आणि कोळंबी परत आत, दोनदा उचल-पालथ, वरून किंचाय (सेलरीसारखी पानं) किंवा पातीचा कांदा, गॅस बंद. अर्धा लिटर हे आकडेशास्त्र नाही, तुमची कढई किती रुंद, आच किती, बिहोन किती भिजलं यावर थोडं मागेपुढे होतं, म्हणून स्टॉक थोडा जास्तीचा करून बाजूला गरम ठेवायचा, एकदम ओतायचा नाही. कमी पडला तर घालता येतो, जास्त झाला तर काढता येत नाही.

कंडोत इंडक्शन असेल तर एका वेळी २५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. मित्र दहा येणार आहेत म्हणून किलोभर एकदम केलं की खालचं करपतं आणि वरचं कोरडं राहतं. किलो हवं असेल तर चारदा करा. कढई रुंद हवी, छोट्या सॉसपॅनमध्ये पान्सित होत नाही हे आम्ही विक्रीसाठी सांगत नाहीये, खरंच होत नाही. रुंद कावाली (इथली कढई) आमच्याकडे आहे, पण बांकेरोहान मार्केटमध्ये पण भांड्यांच्या दुकानात मिळते, जिथे जवळ पडेल तिथून घ्या.

कँटन वेगळं, त्याला बिहोनचे नियम लावू नका

जाड पिवळ्या काड्यांचं कँटन गव्हाचं असतं, बरेचदा तळूनच वाळवलेलं. ते भिजवायचंच नाही. कोरडंच उकळत्या स्टॉकमध्ये घालायचं, मऊ होईपर्यंत थांबायचं, घाईने दाबायचं नाही नाहीतर काड्यांचा भुगा होतो, मऊ झालं की मग उचल-पालथ.

इकडे मिंडानाओत आणि सेबूकडे दोन्ही मिसळून करतात, त्याला बाम-इ म्हणतात. आमच्या मते नवशिक्यांनी पहिल्यांदा हेच करावं, कारण कँटन दणकट असतं आणि बिहोनला सावरून धरतं. आधी कोरडं कँटन स्टॉकमध्ये, ते जरा सैल पडलं की मग भिजवलेलं बिहोन. उलट क्रमाने केलंत तर कँटन मऊ होईपर्यंत बिहोनचा लगदा झालेला असेल. बाम-इचा जोडपॅक आम्ही याच कारणासाठी ठेवतो, दोन्ही मोजून, वर क्रम मराठीत छापलेला.

हिरव्या मुगाच्या स्टार्चचं सोतांगहोन पण असतं, काचेसारखं. ते जरा चुकलं तरी सहज लगदा होत नाही पण पाणी मात्र खूप पितं, स्टॉक जास्तीचा ठेवा. आणि कोणी मैत्रिणीच्या घरी पान्सित मोलो खाऊन येतं आणि आमच्याकडे मोलोच्या नूडल्स मागतं, तर त्यात नूडल्स नसतातच. इलोइलोकडचं ते सूप आहे, सारण भरलेल्या छोट्या पुड्यांचं.

व्हेज करणाऱ्यांसाठी

हे फार विचारलं जातं, म्हणून जरा सविस्तर. नुसतं चिकन काढून टाकलं म्हणजे व्हेज होत नाही. पातिस माशाचं असतं. ऑयस्टर सॉस कालवांचा. बाजारातल्या बहुतेक स्टॉक क्यूबमध्ये चिकन, बीफ किंवा पोर्क असतं. किकियाममध्ये (तळलेले छोटे रोल) बरेचदा डुकराचं मांस असतं, दिसायला ते भाजीच्या रोलसारखं दिसतं म्हणून फसगत होते. काही कँटनमध्ये अंडं असतं. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावा, आणि आमच्याकडून घेतलंत तर आम्ही स्वतः वाचून हिरवा किंवा लाल ठिपका लावलेला असतो. इथल्या सगळ्या पाकिटांवर आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका नसतो, म्हणून हे काम आम्ही अंगावर घेतलंय, थोडा वेळ जातो पण घरून आईबाबांचे फोन येतात तेव्हा त्यांना खात्रीने सांगता येतं.

व्हेज स्टॉकसाठी वाळवलेले मशरूम आणि तेंगांग दागा (काळी कानासारखी अळंबी) गरम पाण्यात भिजवा, ते पाणी गाळून वापरा. मशरूमचा व्हेज ऑयस्टर सॉस मिळतो, तो घाला. तोकवा म्हणजे टोफू तळून शेवटी. चवीत कमी पडत नाही, लसूण मात्र दुप्पट करा.

आणि जैन मंडळींनो, कांदा-लसणाशिवाय पान्सित होतं का असं विचारता, होतं, पण मग मशरूमही चालणार नसेल आणि गाजरही, तर उरतं फार थोडं. कोबी, फरसबी, टोफू, टोयो, मिरी आणि भरपूर कालामान्सी (इथलं छोटं लिंबू) घालून करा, पण त्याला खऱ्या पान्सितची सर येईल असं आम्ही म्हणणार नाही.

कालामान्सी कढईत पिळू नका

ताटात घेतल्यावर पिळायचं. गरम कढईत पिळलं की वास उडून जातो, आणि बिया आत पडल्या तर कडवट लागतं. दोन तुकडे करून बाजूला द्या, ज्याला हवं तेवढं तो घेईल. आमच्या पॅकमध्ये कालामान्सीच्या रसाची पुडी का नाही असं विचारतात, त्याचं कारण हेच, ताजं फळ इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, पुडीतल्या रसाला ती मजा नाही आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घ्यायला आम्हाला बरं वाटत नाही. गावी नेणाऱ्यांनी लिंबू वापरावं, जमतं.

वाढदिवसाला तारा तोडू नका

इथे वाढदिवसाला पान्सित असतंच, लांब तार म्हणजे लांब आयुष्य. भांडं लहान पडतं म्हणून बिहोन मोडून टाकणारे आपल्यात खूप आहेत, घरी चालेल, पण घरमालकीणबाई किंवा वर्गातले फिलिपिनो मित्र जेवायला असतील तर मोडू नका, काहींच्या मनाला लागतं. भिजवलं की ते आपोआप कढईत मावतं. कात्रीने कापायचंच असेल तर निदान वाढदिवसाच्या दिवशी नको.

उरलं तर

गरम पान्सित डब्यात भरून झाकण लावून बॅगेत टाकू नका, इथल्या दमट हवेत दुपारपर्यंत आंबतं, आणि मग दोष आमच्या कोळंबीला. पसरून वाफ जाऊ द्या, मग डबा, मग फ्रिज, दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा. सकाळचं उरलेलं इथले लोक मेरिएंदाला (मधल्या वेळच्या खाण्याला) पावात घालून खातात, पांदेसालमध्ये (इथला छोटा मऊ पाव) तर छानच लागतं, एकदा खाऊन बघा.

आमच्या पाकिटाबद्दल थोडं

काही जण म्हणतात की तुम्ही तांदळाचं सांगून मक्याचं विकता. असं नाहीये. इथल्या बाजारात बिहोन म्हणून मिळणारं बरंचसं मक्याच्या स्टार्चचंच असतं आणि ते वाईट नाही, उलट कमी तुटतं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला आम्ही तेच देतो. तांदळाचं हवं असेल तर तेही आहे, जरा महाग आणि जरा नाजूक. कुठलं कोणतं ते आम्ही मराठीत चिठ्ठी लावून लिहितो, ती चिठ्ठी वाचा.

सुपरमार्केटपेक्षा आमचा तयार पॅक थोडा महाग पडतो हे खरं आहे. त्यात बिहोन मोजलेलं, सॉस एकत्र करून बाटलीत, मिरी दळलेली, आणि किती स्टॉक घालायचा त्याची खूण बाटलीवर, म्हणजे रिकामी झालेली तीच बाटली खुणेपर्यंत दोनदा भरली की झालं, वेगळं माप लागत नाही. हॉस्टेलवर ज्यांच्याकडे ना मापाचा कप ना वजनकाटा त्यांच्यासाठीच हे केलंय. सवय झाली की सुटं बिहोन घ्या, स्वस्त पडेल, आम्ही आनंदाने देऊ.

बदलून देण्याबद्दल: पाकीट फाटकं निघालं, ओल लागलेली असली, किडा दिसला, तारीख उलटलेली असली तर प्रश्न न विचारता बदलून देतो. उकळून लगदा झालेलं बदलून देत नाही. पण फोटो जरूर पाठवा, कुठल्या पायरीला चुकलं ते नक्की सांगू, आणि शनिवारी दुपारी दुकानात या, आमच्या किचनमधल्या दावाओच्याच ताई रोजचं पान्सित तेव्हाच करतात, शेजारी उभं राहून बघितलंत तर पुन्हा विचारावं लागणार नाही.

वाढदिवस, फेअरवेल, गणपतीची आरती झाल्यावरचं जेवण, अशा वेळी घरी करत बसायचं नसेल तर बिलाओमध्ये तयार देतो, बांबूची गोल परडी, वर केळीचं पान, त्यावर पान्सित आणि कडेने कालामान्सी. लहान आणि मोठा असे दोन आकार, रेट काउंटरवर लावलेत. ऑर्डर एक दिवस आधी द्या, आणि देतानाच सांगा व्हेज की नॉनव्हेज, अंडं चालतं का, पोर्क चालतं का, कारण व्हेजची कढई आमच्याकडे वेगळी आहे आणि ती सकाळी पहिली लागते.