मधोमध फुगलेला गर्डर वाकडा नसतो

नागपुरात उड्डाणपुलाचं काम निघालं की रात्री ट्रेलरवरून लांबच लांब गर्डर, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळया, जाताना दिसतात. एखादा गर्डर मधोमध किंचित वर उचललेला असतो आणि लगेच मोबाइलवर फोटो फिरतो: ‘बघा, बसवायच्या आधीच वाकडा!’ खरं तर तो फुगवटा बहुधा आतल्या केबलनं चोख काम केल्याची खूण असते.

काँक्रीट दाब झकास सोसतं, ताणात मात्र कच्चं. त्याची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा भाग. पुलावर ट्रक आला की गर्डरचा तळ ताणला जातो आणि भेगा तिथेच पडतात. म्हणून पोलादी तारांच्या केबल जॅकनं खेचून तळाशी आधीच दाब भरून ठेवतात. तळ आवळला की पाठ वर येणारच.

कल्पना जुनी. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती थंड झाली की चाक करकचून आवळते. पण उन्हाळ्यात लाकूड आटलं की धाव ढिली पडते. सुरुवातीचे पूर्वताणित, म्हणजे असं आधीच आवळलेल्या, काँक्रीटचे प्रयोग नेमके इथेच फसले.

आकडेच पाहा. 30 मीटर गर्डरमधली साधी सळई त्या काळी झेपेल इतकी, म्हणजे चौरस मिलिमीटरला 140 न्यूटन, ताणली, तर ती सुमारे 2 सेंटिमीटर लांबते. इकडे काँक्रीट वाळून आकसतं, शिवाय सततच्या दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू दबत जातं. हे आखडणंही 2 सेंटिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे कमावलेला ताण जवळजवळ सगळा स्वाहा! फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यांनी ही गोम ओळखली आणि 1928 मध्ये पेटंट घेतलं. उपाय होता अतिशय मजबूत पोलाद. आजची केबल चौरस मिलिमीटरला 1,300 न्यूटनपर्यंत ताणली की तीच 30 मीटर लांबी 20 सेंटिमीटरनं वाढते. त्यातले 2 गेले तरी 18 शिल्लक! (इतर गळती धरून 15 ते 25 टक्के ताण जातो, तो हिशेबात आधीच धरलेला असतो.) पुलाला नरबळी लागतो अशी आवई अजूनही कुठे ना कुठे उठते. पुलाला लागतो तो हा हिशेब.

भारचाचणीत ठरलेलं वजन 24 तास ठेवतात, मग उतरवतात. पुढच्या 24 तासांत त्या वजनानं आलेल्या वाकाचा किमान 85 टक्के भाग भरून यावा लागतो. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात आणखी एक भानगड: वरचा स्लॅब तापून प्रसरण पावतो, गर्डर आपोआप वर उचलला जातो आणि मोजमाप फसतं. त्यामुळे प्रत्येक वाचनासोबत तापमान नोंदावंच लागतं.

जुन्या गर्डरमध्ये ताण किती उरलाय, हे केबल न कापता कसं कळणार? संशोधक प्रयोगशाळेत गर्डरला आधी भेग पाडतात, भार काढतात. केबलच्या ताणामुळे भेग मिटते. मग पुन्हा हळूहळू भार चढवत भेग कोणत्या भाराला उघडते ते टिपतात. त्या क्षणी तळावरचा दाब शून्य झालेला असतो. त्या भारावरून उलटं गणित मांडलं की उरलेला ताण हाती येतो.