आधी गॅलेट, मग साचा

मैद्याची जाडसर पोळी लाटायची, मधोमध फळांच्या फोडी रचायच्या, कडा आत मुडपायच्या आणि ट्रेवर तशीच भाजायला ठेवायची. साचा नको, मोजमाप नको, कुठे फाटलंच तर चिमटीने जोडून टाकायचं. फ्रेंच लोक याला गॅलेट म्हणतात, इटालियन क्रोस्ताता. घरगुती बेकिंगच्या वर्गांत हा प्रकार बहुतेकदा 'सोपा टार्ट' (टार्ट म्हणजे पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) म्हणून शिकवला जातो. आधी यावर हात बसवा, मग झालरीच्या साच्यातला खरा टार्ट करा, असा त्यामागचा सूर. इतिहास बरोबर उलटा आहे. साच्यातला टार्ट घराघरात पोचला तो फार उशिरा. त्याआधी शतकानुशतकं लोक पीठ हातानेच वळून भट्टीत सरकवत होते.

इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या कॅटोने शेतीवर एक पुस्तक लिहिलं. द्राक्षमळे, गुलाम, बैल यांच्या हिशेबांत मध्येच तो लिबुम नावाच्या नैवेद्याच्या पदार्थाची कृती देऊन जातो. दोन भाग चीज, एक भाग पीठ, एक अंडं. मळलेला गोळा पानांवर ठेवायचा, पानं चुलीच्या तापलेल्या फरशीवर आणि वरून मातीचं झाकण. त्यात फळ नाही, पण भाजण्याची रीत पाहा: भांडं नाहीच. खाली पान, वर झाकण, झाली भट्टी.

मध्ययुगीन युरोपात तर पिठाचं आवरण हेच भांडं होतं. भरड पिठाची जाड, कडक पेटी हाताने उभी करायची, तिच्यात मांस नाहीतर फळं भरायची आणि भाजायची. ही पेटी आतला ऐवज सांभाळण्यासाठी असे, ती चवीने खाल्ली जाईलच असं नव्हतं. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका इंग्लिश हस्तलिखितात सफरचंदाच्या टार्टची कृती आहे: चांगली सफरचंदं, चांगले मसाले, अंजीर, मनुका आणि पेअर एकत्र ठेचायचे, केशराने रंगवायचे, पिठाच्या पेटीत भरून भाजायचे. साखरेचा उल्लेखच नाही. गोडी सगळी अंजीर-मनुकांची. साखर तेव्हा मसाल्यांच्या पंक्तीत बसणारी, तोळ्यामाशाने वापरायची चीज होती.

श्रीमंतांची गोष्ट वेगळी. पोपचा आचारी बार्तोलोमिओ स्काप्पी याने 1570 मध्ये छापलेल्या ग्रंथात स्वयंपाकघरातल्या उपकरणांची चित्रं आहेत आणि त्यांत टार्ट भाजायची भांडीही दिसतात. म्हणजे साचा माहीत नव्हता असं नाही. तो पोपच्या मुदपाकखान्यात होता, शेतकऱ्याच्या घरात नव्हता.

शेतकऱ्याच्या घरात मुळात भट्टीच नव्हती, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीची किल्ली इथे आहे. सरंजामी फ्रान्समध्ये गावाची भट्टी जमीनदाराची असे. भाकरी-पाव तिथेच भाजायचा, घरी भट्टी बांधायची नाही आणि भाजणावळ म्हणून पावातला किंवा कणकेतला ठरलेला हिस्सा द्यायचा, असा दंडक होता. 1789 च्या ऑगस्टमध्ये सरंजामी हक्कांवर घाव पडला आणि पुढच्या चार वर्षांत ही सक्ती कायद्यातून गेली, पण सामाईक भट्टी काही लगेच बंद झाली नाही. लाकडं महाग, भट्टी तापायला तासन् तास. मग आठवड्या-पंधरवड्यातून एकदाच तापवायची आणि सगळ्यांनी भाजून घ्यायचं. आपल्याकडे रवा-मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत नानकटाई भाजून आणायला जायचे, त्याचीच ही थोरली बहीण.

अशा भट्टीत आच आपल्या हातात नसते. लाकडं जळून निखारे बाजूला सारले की फरशी भयंकर तापलेली असते, पाव घातला तर करपेल. तेव्हा उरलेल्या कणकेची पातळ पोळी आत टाकायची. ती किती वेळात डागाळते त्यावरून आचेचा अंदाज घ्यायचा. अल्सास प्रांतातला फ्लामकुखेन हा या परीक्षेतूनच आलेला पदार्थ: वर साय-क्रीम, कांदा, डुकराच्या मांसाचे तुकडे. त्याची सफरचंदाची गोड आवृत्तीही आहे. अशा पोळीला साचा कोण शोधत बसणार? लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून सरळ फरशीवर, आणि कडा थोड्या उचललेल्या, म्हणजे वरचं घरंगळू नये.

इथे एक खुलासा, कारण गोंधळ हमखास होतो. ब्रिटनी प्रांतात गॅलेट मागितला तर कुट्टूच्या पिठाचं खमंग धिरडं येतं, आत हॅम-चीज-अंडं. जानेवारीच्या सुरुवातीला उत्तर फ्रान्समध्ये मागितला तर बदामाच्या सारणाचा, पापुद्र्यांचा 'राजांचा गॅलेट' मिळतो. त्यात एक दाणा किंवा चिनीमातीची छोटी मूर्ती लपवलेली असते आणि ज्याच्या वाट्याला ती येते तो त्या दिवसाचा राजा. क्रांतीच्या काळात राजाचं नाव नको म्हणून या बिचाऱ्या गॅलेटला 'समतेचा' करण्याचाही उद्योग झाला. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात जो गॅलेट जातो त्यात आजही दाणा घालत नाहीत. प्रजासत्ताकाच्या घरात राजा निघायला नको. फळांचा गॅलेट या दोघांहून वेगळा.

आता आजच्या कृतीकडे पाहा. पांढराशुभ्र मैदा, त्याच्या निम्म्याहून जास्त वजनाचं लोणी, फळांवर साखर. यातलं काय त्या गावकऱ्याच्या घरात होतं? मैदा महाग, लोणी बाजारात विकायचं, साखर तर नावालाही नाही. तो जे भाजत असे ते पावाच्या कणकेचं, आणि वर बागेतली पडलेली सफरचंदं किंवा आलुबुखार. लोण्याची नाजूक, खुसखुशीत कणीक हे शहरातल्या मिठाईवाल्यांचं आणि बड्या घरांतल्या आचाऱ्यांचं काम. 1653 मध्ये पॅरिसला केवळ पेस्ट्रीवरचं एक पुस्तक निघालं, त्यात या कणकांच्या रीतसर कृती आहेत. म्हणून हल्ली 'रस्टिक' म्हणून जे मिरवलं जातं त्याचं रूप तेवढं खेड्याचं, कणीक हवेलीची. खेड्यातला गरीब पदार्थ शहराने जसाच्या तसा उचलला, ही गोष्ट मला पटत नाही. दोन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांची सोयरीक जमली ती एकोणिसाव्या शतकात.

ती जमवली साखरेने. युरोपची साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामातून येत असे. 1791 मध्ये सँ-दोमँग, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी बंड केलं आणि फ्रान्सचा सर्वांत मोठा पुरवठा कोसळला. पुढे 1806 मध्ये नेपोलियनने ब्रिटनविरुद्ध व्यापारबंदी जाहीर केल्यावर सागरी मालाचे आणखी हाल झाले. बीटमध्ये साखर असते हे आंद्रेआस मार्गग्राफने बर्लिनमध्ये 1747 मध्येच दाखवलं होतं. आता त्याची गरज पडली. 1812 मध्ये बेंजामिन देलेसेरने पॅरिसजवळ पासी इथे बीटची चांगली साखर करून दाखवली, तेव्हा नेपोलियनने स्वतःच्या छातीवरचा सन्मानाचा क्रॉस काढून त्याला दिला असं सांगतात. शतक संपेपर्यंत साखर रोजच्या किराणात आली. आंबटढाण फळ घरी गोड करता येऊ लागलं.

त्याच शतकात मिठाईचा दुसरा टोकाचा डौलही वाढला. फ्रेंच आचारी आंतोनँ कारेम (1783–1833) साखर आणि पेस्ट्रीचे मनोरे, भग्न मंदिरं, कारंजी उभी करत होता. त्याचा शिष्य ज्यूल गूफे याने 1867 च्या पुस्तकात वजनं आणि वेळा नेमक्या दिल्या, आणि भट्टीची आच ओळखायला कागद वापरला. कागदाचा तुकडा आत ठेवायचा, तो गडद तपकिरी, फिका तपकिरी, गडद पिवळा की फिका पिवळा होतो ते बघायचं आणि त्यावरून काय भाजायचं ते ठरवायचं. थर्मामीटर नसताना याहून शहाणपणाची युक्ती मला तरी सुचली नसती. पत्र्याचे स्वस्त साचे, बिडाच्या शेगड्या, मग गॅस हे सगळं मध्यमवर्गीय घरांत हळूहळू शिरलं. आच आपोआप राखणारा 'रेग्युलो' थर्मोस्टॅट ब्रिटिश गॅसच्या शेगड्यांवर आला तो 1923 मध्ये. भट्टी घरात आली, साचा आला, नि त्याबरोबर टार्ट कसा 'दिसायला हवा' हेही आलं.

इटलीत पेल्लेग्रिनो आर्तुसीने 1891 मध्ये पदरमोड करून पाकपुस्तक छापलं. पहिल्या आवृत्तीत 475 कृती, शेवटी 790. त्यात क्रोस्ताता आहे: खुसखुशीत कणीक आणि वर फळांचा मुरंबा. तिथल्या घरांत आजही ताज्या फळांपेक्षा जॅमचीच क्रोस्ताता जास्त होते, आणि तेच व्यवहाराचं आहे. जॅमला पाणी सुटत नाही.

ओबडधोबड रूपाची पत वाढली ती अमेरिकेत. ॲलिस वॉटर्स यांनी 1971 मध्ये कॅलिफोर्नियात, बर्कलीला शे पॅनिस हे रेस्टॉरंट काढलं. जवळच्या शेतातलं, त्या हंगामातलं फळ आणावं आणि त्यावर फार कारागिरी करू नये, हा तिथला बाणा. तिथल्या गोड पदार्थांचा भार लिंडसी शीअर यांच्यावर होता. त्यांचं या पदार्थांवरचं पुस्तक 1985 मध्ये आलं. फळ उत्तम असेल तर खालची पोळी पातळ आणि कडा वेड्यावाकड्या चालतात, उलट त्यातच हाताचं काम दिसतं, ही दृष्टी तिथून पसरली. जे पूर्वी नाइलाजाने होत असे ते आता हौसेने होऊ लागलं.

आपल्याकडे हा पदार्थ ओटीजी, म्हणजे विजेवरच्या छोट्या घरगुती भट्टीबरोबर आला, आणि त्याची खरी अडचण भट्टीची नाही, हवेची आहे. लोणी 20 अंशांच्या आसपासच मऊ पडतं, 35 च्या आसपास वितळतं. कणकेत वाटाण्याएवढे थंड लोण्याचे तुकडे शाबूत राहिले तरच भट्टीत त्यांतल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. ते आधीच वितळले तर हाती बिस्किट लागतं. म्हणून बर्फाचं पाणी, हाताऐवजी काटा-सुरी, आणि लाटल्यावर पोळी अर्धा तास फ्रीजमध्ये. फळांचं पाणी शोषायला तळाशी बदामाची पूड किंवा बारीक रवा पसरावा, आणि 200 अंशांवर भाजावं.

फळ निवडताना ऋतू मदत करतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (भौगोलिक मानांकन 2010) थंडीतच येते, पुरंदरचं अंजीरही (मानांकन 2016) बाजारात मिळतं, आणि तेव्हा ओट्यावर लोणी धीर धरतं. स्ट्रॉबेरीला पाणी फार, ती अर्धी करून साखर लावून चाळणीत निथळत ठेवावी. निघालेला रस आटवून भाजल्यावर वरून लावता येतो. अंजीर मात्र चार फोडी करून तसंच चालतं. हापूसचा हट्ट असेल तर मे महिन्यात कणीक पहाटे करावी, आणि पोळी कोरीच भाजून, ती गार झाल्यावर वर फोडी ठेवाव्यात.