एकच ट्यूब, अख्खं घर

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेचं मलम द्या’ हे वाक्य वाढतं. यंत्रमागावर घामानं चिंब कपड्यांत पाळी काढणाऱ्याच्या जांघेत गजकर्ण उठलं तर नवल नाही. ट्यूब मिळते, दोन दिवसांत खाज थांबते. मग तीच ट्यूब घरात ज्याला त्याला लावली जाते, आणि खरी गडबड इथेच होते.

अशा बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. झटपट आराम पडतो तो त्याच्यामुळे. ते त्वचेची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची लाल कडा पुसट झाली की डॉक्टरही चकतात.

शिवाय औषध अंगात सगळीकडून सारखं मुरत नाही. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड लावून हे मोजलं. कोपराखालच्या हातापेक्षा कपाळातून सहापट, जबड्याकडच्या त्वचेतून तेरापट आणि वृषणाच्या त्वचेतून तब्बल ४२ पट औषध शोषलं गेलं. तळपायातून जेमतेम सातवा हिस्सा. म्हणजे आपल्याकडे हे मलम नेमकं नको तिथेच जास्त चोपडलं जातं.

तान्ह्या बाळाची त्वचा वजनाच्या मानानं खूप मोठी, त्यात वर डायपर. औषध रक्तात उतरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी मंदावू शकतात, वाढ खुंटू शकते. आजीची त्वचा आधीच पातळ. जरा धक्का लागला की जांभळे डाग. मधुमेह्यानं जोरदार मलम अंगभर लावलं तर साखर चढू शकते. गरोदरपणात सौम्य मलम डॉक्टर देतात, पण अतिजोरदार मलमाच्या मोठ्या मात्रेचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. गोरं दिसायला ते चेहऱ्यावर लावणाऱ्या मुलींना मुरुम, लाल शिरा, लव येते. थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावतात.

सोरायसिस, इसबात मात्र हेच स्टेरॉइड गुणकारी आहे. घाबरून ते अर्धवट सोडणंही बरं नव्हे. क्लोबेटासोल एरवी सलग फार तर दोन आठवडे, आठवड्याला ५० ग्रॅमच्या आत. बोटाच्या पेरभर मलम म्हणजे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरेसं.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना जुनी ट्यूब सोबत न्या. आत काय होतं हे कळल्याशिवाय चट्ट्याचा छडा लागत नाही.